पदवी : मिळविलेली आणि मिळालेली

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्याच्या पाटीवरील अक्षरे पार उतरली. बाहेरगावाहून प्रथमच येणारे रुग्ण शेजारच्या दुकानात चौकशी करू लागले, तेव्हा पाटी नव्याने रंगवून घेणे भाग पडले. आमचा पेंटर जुना माणूस, मूळचा नंदुरबारकडचा. माझ्या पदव्या, नोंदणी क्रमांक, दवाखान्याच्या वेळा, सारे त्याला तोंडपाठ. शिडीवर चढण्यापूर्वी त्याने सहज विचारले, “साहेब, खाली एक ओळ मोकळी ठेवू का? दादांच्या नावाला?” दादा डॉक्टर नाहीत, ते पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत, असे मी त्याला सांगितले. “मग जावईसाहेब?” जावई वकील आहेत. “सूनबाई?” सूनबाईंचाही या व्यवसायाशी संबंध नाही. बिचारा गप्प झाला. माझी कन्या एम. डी. होऊन गेली सहा वर्षे नाशिकला रुग्णसेवा करीत आहे, हे त्याला ठाऊक आहे. तिच्या लग्नमंडपाची कमान त्यानेच रंगविली होती. तरीही मुलगा, जावई, सून असा वारसाक्रम लावताना तिचे नाव त्याला सुचले नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी मलाही सुचले नाही. ते घरी गेल्यावर सुचले.

स्मरणिकेसाठी कोणत्या विषयावर लिहावे, या विवंचनेत असताना हा प्रसंग घडला, आणि पेंटरने केलेला प्रश्न मनातून जाईना. आपल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यातही याहून वेगळे काय विचारले जाते? “चिरंजीव काय करतात?” आणि पाठोपाठ, “मग दवाखाना पुढे कोण चालविणार?”

मराठीत ‘पदवी’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. विद्यापीठ देते तीही पदवी आणि राजा देतो तीही पदवी. पहिली परीक्षा देऊन मिळवावी लागते; दुसरी अनेकदा जन्मताच मिळते. भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने या दोहोंत स्पष्ट भेद केला आहे. लष्करी अथवा विद्याविषयक बहुमानाखेरीज कोणताही किताब राज्यसंस्था देणार नाही, आणि भारताचा कोणीही नागरिक परकीय राज्याकडून किताब स्वीकारणार नाही, असा तो दंडक आहे. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, म्हणून ते नावामागेपुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे रावबहादूर गेले, सर गेले. पण नावामागचे ‘डॉ.’ हे घटनेनेच राखून ठेवले. ते का राखले, याचा विचार आपण डॉक्टर मंडळी क्वचितच करतो. ते राखले, कारण ते वारशाने मिळत नाही.

वारशाने मिळणाऱ्या किताबाचे एक ठसठशीत उदाहरण म्हणजे ब्रिटिशांचे बॅरोनेटपद. ते आपल्या अगदी शेजारच्या घराण्यांत आले होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. त्याला लॉर्डांच्या सभागृहात आसन नसते. त्याच्या नावामागे ‘सर’ लागते, आणि साध्या नाइटचे ‘सर’ त्याच्याबरोबर संपते तसे हे संपत नाही. ते थोरल्या मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या थोरल्या मुलाकडे असे जात राहते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६११ साली ही पद्धत सुरू केली. त्यामागे शौर्य, विद्वत्ता वगैरे काही नव्हते. आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात फौज ठेवण्यासाठी राजाला पैसा हवा होता. चांगल्या कुळातील, वर्षाला हजार पौंड जमीन-उत्पन्न असलेल्या गृहस्थाने तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे १,०९५ पौंड, भरावा आणि वंशपरंपरा ‘सर’ व्हावे, असा तो रोखठोक व्यवहार होता. हे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. नंतर आपल्याकडील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतील काही जागांचे शुल्क आठवले आणि हसू मावळले. २०१६ पासून ‘नीट’ सर्वांनाच सक्तीची झाली, ही इष्ट गोष्ट घडली. तथापि किमान गुणांच्या पायरीवर उभे राहिल्यानंतर पुढचा जिना कोण चढतो आणि कोण नाही, हे अजूनही बऱ्याच अंशी वडिलांच्या तिजोरीवर ठरते. शिपायांचा खर्च तेवढा आता भरावा लागत नाही.

हिंदुस्थानात हे पद मोजक्याच घराण्यांना मिळाले, आणि त्यांत मराठीभाषक घराणे एकही नाही. पण त्यांतील तीन पारशी घराण्यांची मुळे आपल्या पलसाण्यापासून तासाभराच्या अंतरात आहेत. जमशेटजी जिजीभाईंचे घराणे नवसारीचे. ‘रेडीमनी’ या नावाने प्रसिद्ध असलेले जहांगीर घराणेही नवसारीहूनच मुंबईस गेले. पेटिट घराण्याचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून मुंबईस गेले. तेथे फ्रेंच जहाजांशी कामकाज करणारा हा ठेंगणा पारशी फ्रेंच खलाशांच्या तोंडी ‘पेटिट’, म्हणजे लहानगा, झाला आणि तेच घराण्याचे आडनाव होऊन बसले. रेडीमनींचे आडनाव तर रोकड केव्हाही तयार असे यावरून पडलेले. ज्यांच्या आडनावांतच असा बाजार होता, त्यांच्या घरी विलायतेच्या राणीची सनद आली, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

या साऱ्यांत जमशेटजींचे चरित्र डॉक्टरांनी तरी वाचावे असे आहे. जन्म १७८३ चा. लहानपणीच आईबाप गेले. मुंबईस मामाच्या (पुढे तेच सासरे झाले) बाटल्यांच्या धंद्यात उमेदवारी केली, म्हणून ‘बाटलीवाला’ हे नाव चिकटले. पुढे चीनच्या व्यापारात अमाप द्रव्य मिळविले. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रुग्णालयाच्या पायात कोणता पैसा गेला हे ठाऊक असूनही त्या रुग्णालयात बरे झालेल्यांची संख्या कमी होत नाही. १८४२ साली ते नाइट झाले; हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी त्याच्या शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. १८५७ साली ते बॅरोनेट झाले आणि १८५९ मध्ये वारले. म्हणजे ज्या पदासाठी घराण्याची पुढची दीड शतके बांधली गेली, ते त्यांनी स्वतः जेमतेम दोन वर्षे भोगले.

बांधली गेली, असे मी म्हणतो ते शब्दशः. बॅरोनेटला शोभेल असे राहणीमान पुढच्या पिढ्यांना झेपले नाही तर किताबाची शोभा जाईल, ही धास्ती सरकारला होती आणि घराण्यालाही. म्हणून १८६० साली कलकत्त्याच्या विधिमंडळात खास कायदा झाला. वर्षाला एक लाख रुपये व्याज देणारे सरकारी रोखे आणि माझगावचा ‘कॅसल’ नावाचा वाडा किताबाच्या पाठीशी कायमचा बांधून टाकण्यात आला. जो बॅरोनेट होईल त्याने त्याचे उत्पन्न घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये. शिवाय आणखी एक अट होती. जो कोणी गादीवर येईल त्याने आपले स्वतःचे नाव टाकून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेच नाव धारण करावे. थोरले चिरंजीव करसेटजी हे वडिलांमागे जमशेटजी झाले, त्यांच्यानंतर माणेकजी जमशेटजी झाले, आणि ही परंपरा तशीच पुढे चालली. पेटिटांकडेही १९०१ साली नातू जिजीभाई हे ‘दिनशा माणेकजी पेटिट’ होऊन गादीवर आले.

‘नाव चालविणे’ हा आपल्या मराठी घरांतला किती परवलीचा शब्दप्रयोग! मुलगा झाला की नाव चालले, नाही झाला की बुडाले. पण या कायद्याने तो शब्दप्रयोग अक्षरशः अमलात आणला, आणि त्याचे फळ पाहा. आजोबांचे नाव चालावे म्हणून नातवाचे नाव पुसले. एकाच नावाची माणसे एकामागून एक आली आणि त्यांपैकी पहिला तेवढा लोकांच्या स्मरणात राहिला. पुढच्यांनीही दानधर्म केला, नगरसेवेची पदे भूषविली, पण ‘जे. जे.’ म्हटले की आज कोणाच्याही डोळ्यांपुढे भायखळ्याचे रुग्णालय येते, बॅरोनेट येत नाही. त्या रुग्णालयाला वारस लागला नाही. तेथे शिकलेला प्रत्येक विद्यार्थी, मग तो साताऱ्याचा असो की वलसाडचा, थोडाबहुत त्या नावाचा वारस झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत गोमंतकातून आलेले भाऊ दाजी लाड होते. १८९६ च्या प्लेगात वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली ती याच महाविद्यालयाच्या एका खोलीत, आणि पहिली मात्रा टोचून घेतली ती स्वतःला.

बाकीच्या बॅरोनेटांची कथा थोडक्यात सांगता येईल. सर जेकब ससून यांना १९०९ साली हे पद मिळाले. त्यांना अपत्य उरले नव्हते, म्हणून सनदेतच भावाची सोय केली होती. भावाचा मुलगा सर व्हिक्टर १९६१ साली बहामा बेटांत निपुत्रिक वारला आणि तो किताब तेथेच संपला. मुंबईची विज्ञान संस्था मात्र उभी आहे. तिच्या दात्यांत ससून, कावसजी जहांगीर आणि करीमभाई इब्राहिम हे तिघेही बॅरोनेट होते. अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल १९१३ साली बॅरोनेट झाले. हिंदूंमध्ये हे पद मिळालेले ते एकच घराणे. पेटिटांच्या पत्नीच्या, साकरबाईंच्या, नावाने परळला जनावरांचे रुग्णालय आहे. पुण्यातील जहांगीर रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना परिचित आहेच. यांतील कित्येक किताब आज कागदावर जिवंत आहेत. आपले सरकार ते मानीत नाही, आणि मानण्याचे काही कारणही नाही.

आता या वारशाचा जो भाग मला डॉक्टर म्हणून सर्वांत अधिक अस्वस्थ करतो त्याकडे वळतो. बॅरोनेटपद कोणाला मिळत नाही, याची यादी मिळते त्याच्या यादीपेक्षा कितीतरी लांब आहे. मुलीला मिळत नाही; स्कॉटलंडमधील बोटांवर मोजण्याजोग्या घराण्यांचा अपवाद सोडला तर कधीच मिळाले नाही. दत्तकाला मिळत नाही. विवाहाबाहेर जन्मलेल्याला मिळत नाही. ब्रिटिश राजगादीच्या वारसाक्रमातील मुलाचे झुकते माप २०१३ च्या कायद्याने काढून टाकले, पण बॅरोनेटांना त्याने स्पर्श केला नाही. त्याहून विलक्षण गोष्ट वैद्यकशास्त्राच्या संदर्भातील आहे. दात्याच्या बीजाने मूल झाले तर पती हाच त्याचा सर्व कारणांसाठी पिता, असे ब्रिटनचा १९९० चा कायदा म्हणतो. आणि लगेच पुढे जोडतो की किताबाच्या वारशाला मात्र हे लागू नाही. लिंगबदलास मान्यता देणाऱ्या २००४ च्या कायद्यानेही हीच पळवाट ठेवली. म्हणजे विज्ञानाने आणि न्यायाने ज्या ज्या दारांनी माणसाला आत घेतले, त्या प्रत्येक दाराशी किताब आडवा उभा आहे.

आणि जेथे विज्ञान किताबाच्या उपयोगी पडले, तेथे काय झाले? स्कॉटलंडमधील स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याला १६८३ साली बॅरोनेटपद मिळाले. सनदेत ‘देहापासून झालेले पुरुष वारस’ अशी अट होती. दहावे बॅरोनेट सर स्टुअर्ट प्रिंगल हे ब्रिटिश नौदलाच्या मरीन दलाचे सेनानी. १९८१ साली आयरिश बंडखोरांनी मोटारीत ठेवलेल्या बॉम्बने त्यांचा एक पाय गेला. हयातीत त्यांनी कुळाचे प्रमुखपद ठरविण्याच्या निमित्ताने डीएनए-चाचणीसाठी नमुना दिला. २०१३ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या मुलाने वारसा सांगितला, तेव्हा चुलत शाखेतील एका हिशेबनिसाने तोच अहवाल पुढे केला. त्यावरून असे निघाले की नववे बॅरोनेट, म्हणजे सर स्टुअर्टचे वडील, हे आठव्या बॅरोनेटचे पुत्रच नव्हते. २०१६ साली प्रिव्ही कौन्सिलने तो पुरावा ग्राह्य धरला आणि किताब चुलत शाखेकडे गेला. एका म्हाताऱ्या सैनिकाने विश्वासाने दिलेल्या नमुन्याने त्याच्या आजीच्या शयनगृहाचे दार शंभर वर्षांनी उघडले. न्यायाधीशांना कायद्याने दुसरे काही करता आले नसते, हे मी मान्य करतो. पण एका कारणासाठी घेतलेला नमुना दुसऱ्या कारणासाठी वापरला जाताना आपण हयात असतो तर संमती दिली असती काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या प्रयोगशाळेतील शीतकपाटापाशी उभा आहे.

हे सारे साहेबाच्या देशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर आपल्या पलसाण्याचेच उदाहरण घ्या. आपला तालुका बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होता. १८७० साली महाराज खंडेराव गायकवाड वारले तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. खंडेरावांचे बंधू मल्हारराव कैदेत होते. त्यांना आणून गादीवर बसविण्यात आले, पण या अटीवर की मुलगा झाल्यास गादी त्याची. १८७१ साली मुलगी झाली. ताराबाई हे तिचे नाव. एवढ्यावर एका संस्थानचे भवितव्य ठरले आणि मल्हाररावांचा अंमल कायम झाला. तो कसा झाला, हे इतिहास जाणणाऱ्यांना सांगावयास नको. १८७५ साली त्यांना पदच्युत करावे लागले. ताराबाईंच्या जन्माच्या वेळी सुईणीने बाहेर येऊन काय सांगितले असेल आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना आपण डॉक्टर सहज करू शकतो. आपल्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर जी सूचना लावावी लागते, ती त्याच चेहऱ्यांमुळे.

पण मराठी राज्यव्यवस्थेत एक खिडकी होती, जी बॅरोनेटांच्या घरात नव्हती. ती म्हणजे दत्तक. १८४८ साली डलहौसीने साताऱ्याचा दत्तक नाकारून राज्य खालसा केले, तेव्हा रक्तावाचून वारस नाही हाच विलायती न्याय तो आपल्याला लावीत होता. १८५७ नंतर शहाणपण आले आणि १८६२ साली कॅनिंगने दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणूनच १८७५ मध्ये जमनाबाईंना नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ मांडीवर घेता आला. त्याचे पुढे सयाजीराव झाले. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, दवाखाने, यांची फळे आपल्या नवसारी प्रांतानेही चाखली. थेट रक्ताचा वारस शोधीत बसले असते तर हा मुलगा कवळाण्यात गुरांमागे राहिला असता. दत्तकही मुलगाच हवा, कन्या चालत नाही, हा दोष उरलाच. तो मी झाकीत नाही. तरी योग्य माणूस बाहेरून आणता येतो, एवढे तरी त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

आता आपल्या घराकडे येतो. वडिलांचा दवाखाना मुलाने चालविणे यात गैर काही नाही, उलट लाभ आहे, हे मी आधीच मान्य करतो. तीन पिढ्यांचे केसपेपर ज्या कपाटात आहेत, त्या घरच्या डॉक्टरला रुग्णाच्या आजोबांचा मधुमेह आणि आत्याचा दमा वेगळा विचारावा लागत नाही. गिरणीतल्या पाळीवरून रात्री दोनला आलेला कामगार “काकांचा मुलगा आहे” एवढ्यावर निर्धास्त होतो. हा विश्वास मोलाचा आहे. माझा आक्षेप तो विश्वास माझगावच्या वाड्यासारखा बांधून ठेवण्याला आहे. रुग्ण हे आपले वतन नव्हे. देशमुखी आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने मोडली. दवाखान्याचे वतन मात्र आपण मनातल्या मनात नव्याने सुरू केले. ज्या मुलाला रक्त पाहून घेरी येते, ज्याचा जीव चित्रकलेत किंवा यंत्रात आहे, त्याला दोन-तीन वर्षे पुनःपुन्हा प्रवेश-परीक्षेला बसविले जाते, मग घर गहाण पडते, कारण खाली रिकामा ठेवलेला रुग्णालयाचा दुसरा मजला वाट पाहात असतो. माझ्या परिचयातील एक मुलगा या ओझ्याखाली पार खचला. त्याचे पुढे बरे झाले. त्याविषयी अधिक लिहिणे उचित नाही.

उलट बाजूने, जी मुलगी सारे नीट शिकली ती लग्नानंतर ‘परक्या घरची’ म्हणून वारसाक्रमातून आपोआप गळते. २००५ पासून हिंदू मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तीवर शिक्कामोर्तब केले. कायदा एवढा पुढे गेला, पाटी रंगविणारा आणि पाटीचा मालक मागे राहिले.

अशा वेळी मला सुरतेतील एका मराठी डॉक्टरीणबाईंची आठवण होते. डॉ. रखमाबाई १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि सुमारे दोन दशके येथे राहिल्या. अजाणपणी झालेल्या लग्नाचा नवरा आपण स्वीकारणार नाही, वाटल्यास तुरुंगात जाऊ, असे त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयाला सुनावले, तो खटला सर्वश्रुत आहे. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करीत. नात्याचा हिशेब मांडला तर रखमाबाई त्यांच्या कोणीच नव्हेत. रक्ताच्या नाहीत, दत्तक नाहीत, मुलगा तर नाहीच. बॅरोनेटांच्या कोणत्याही वहीत अशा वारसाला ओळ मिळाली नसती. पण सखाराम अर्जुनांच्या घरात तिला पुस्तके मिळाली, शिकण्याची मोकळीक मिळाली, आणि खटल्यात ते तिच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली ते वारले. मुलगी डॉक्टर झालेली त्यांना पाहता आली नाही. ती लंडनला शिकली आणि आली ती आपल्या सुरतेत. जमशेटजींच्या रुग्णालयाशेजारच्या महाविद्यालयातून निघालेला हा वारसा कसा वळसा घेऊन तापीकाठी पोचला, पाहा.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना नम्रपणे ठेवतो. आपण दरवर्षी सभासदांच्या ज्या पाल्यांना वैद्यकीय प्रवेश मिळतो त्यांचा गुणगौरव करतो. तो अवश्य करावा. पण त्याच व्यासपीठावर आपल्या दवाखान्यांतील कंपाउंडर, परिचारिका, वॉर्डबॉय यांची आणि कडोदरा-पलसाणा भागातील गिरणी कामगारांची जी मुले वैद्यकीय, परिचर्या वा प्रयोगशाळा-तंत्राचे शिक्षण घेऊ लागली आहेत, त्यांनाही बोलवावे, आणि त्यांतील दोघा-तिघांच्या पुस्तकांचा व वसतिगृहाचा खर्च मंडळाने पदवी मिळेपर्यंत उचलावा. निवृत्तीला आलेल्या सभासदांनी आपला दवाखाना नात्याबाहेरच्या होतकरू डॉक्टरकडे सोपविण्याचे मनात आणल्यास मंडळाने त्यांची गाठ घालून द्यावी. भाडे, यंत्रसामग्री, केसपेपर यांच्या हस्तांतराचा एक साधा नमुना-करार आपल्यातील जाणकारांनी तयार करून ठेवला तर अनेक बंद पडणारे दवाखाने चालू राहतील. गेल्या काही वर्षांत आपल्या परिसरातील असे किती दवाखाने केवळ ‘मुलगा नाही’ म्हणून कुलूपबंद झाले, हे प्रत्येकाने आपापल्या रस्त्यावर नजर टाकून मोजावे.

पेंटरचे काम दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी मी कन्येला दूरध्वनी केला आणि पाटीवर तिचे नाव घालू का, असे विचारले. ती हसली. “बाबा, माझी पाटी इथे आहे ना. माझ्या पेशंटना पलसाण्याला यायला सांगू का?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तो चौधरी डॉक्टर तुमच्याकडे चार वर्षे रात्रपाळी करतोय. त्याला विचारलंत का कधी?” खरोखरच विचारले नव्हते. व्यारा भागातील आदिवासी घरातून आलेला हा तरुण. माझ्या रुग्णांना आता माझ्यापेक्षा त्याचा हात हलका वाटतो, हे मला कंपाउंडरकडून कळते.

पेंटरला सांगून खालची ओळ मोकळी ठेवून घेतली आहे. डॉक्टर चौधरी सुट्टीवरून सोमवारी येतील.